नेव्हिल डिसोझा : मुंबईचे एक आघाडीवीर

क्रिकेटची पंढरी म्हणून मुंबईची ख्याति सर्वतोमुखीं आहे, आणि ती यथार्थहि आहे. परंतु ऑलिंपिकमधील फुटबॉलच्या एका सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू याच शहराच्या संघांतून पुढें आला, ही गोष्ट आपल्यापैकीं किती घरांत ठाऊक असेल? त्या खेळाडूचें नांव नेव्हिल डिसोझा. त्यांच्या कारकीर्दीचें स्मरण आज करावयाचें तें केवळ गौरवासाठीं नव्हे. पोटाची नोकरी आणि पायांतली कला यांचा मेळ या शहरांत कसा बसत आला, हें तिच्यावरून चांगलें उमगतें.

डिसोझा यांचा जन्म १९३२ सालीं गोव्यांतील आसगांव येथें झाला. मुंबईंत ते टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून खेळले. त्या काळीं फुटबॉल हा आपल्याकडे उघड असा व्यवसाय नव्हता. मोठमोठ्या कंपन्या, बँका, रेल्वे आपापले संघ बाळगीत आणि चांगल्या खेळाडूस नोकरी देत. दिवसा कचेरी आणि सायंकाळीं मैदान, असा त्याचा क्रम असे. वेतन मिळे तें हजेरीबद्दल, गोलांबद्दल नव्हे. या व्यवस्थेंत निर्वाहाची शाश्वति होती. मात्र सराव उरल्या वेळांतला. अशा व्यवस्थेंतूनच मुंबईनें १९५४ सालीं संतोष करंडक प्रथम जिंकला, आणि १९५८ सालीं कॅलटेक्सनें रोव्हर्स चषक मिळविला.

या दोन विजयांच्या मध्यें मेलबर्नचें ऑलिंपिक आलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें भारताचा १० विरुद्ध १ असा धुव्वा उडविला होता. तेव्हां १९५६ सालीं आपल्या संघाकडून कोणी फारशी अपेक्षा बाळगली नसल्यास नवल नाहीं. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें भारताला पहिल्या फेरींत पुढें चाल मिळाली. १ डिसेंबर रोजीं गांठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीं. मध्यंतरास दोन्ही पक्षांचे दोन-दोन गोल होते, आणि भारताचे दोन्ही डिसोझा यांचे होते. उत्तरार्धांत त्यांनीं तिसरा केला, किट्टूंनीं चौथा चढविला, आणि ४ विरुद्ध २ असा विजय मिळवून भारत उपांत्य फेरींत पोंचला. तेथवर जाणारा तो पहिला आशियाई संघ होय. उपांत्य सामना पुन्हां त्याच युगोस्लाव्हियाशीं! मध्यंतरानंतर डिसोझा यांनीं पहिला गोल केला, आणि चार वर्षांपूर्वीं दहा गोल खाल्लेला संघ कांहीं क्षण आघाडीवर राहिला. पुढें सामना ४ विरुद्ध १ असा गेला, आणि बल्गेरियाशीं हरून भारत चौथा आला. परंतु स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघां खेळाडूंत डिसोझा एक होते.

यानंतरची कथा थोडी उदास आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघांत त्यांचें नांव नव्हतें. १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला मान मेलबर्नचे त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांस मिळाला. डिसोझा यांच्या वांट्यास तो कधींच आला नाहीं. १९८० सालीं, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं, ते निवर्तले.

ज्या आश्रयावर असे खेळाडू वाढले, तो आश्रयहि टिकला नाहीं. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. २००६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० सालीं विसर्जित झाला. कंपनीचें मन पालटलें कीं संघ संपला, असा तो मामला होता.

आतां व्यावसायिक फुटबॉलचें ठाणें दक्षिण मुंबईंतील कूपरेजवरून उपनगरांत, अंधेरीच्या क्रीडासंकुलांत आलें आहे. आजच्या खेळाडूस कचेरींत हजेरी लावावी लागत नाहीं; त्याचें वेतन करारानें ठरतें. पण त्याच मैदानावर १ जून २०१८ रोजीं काय घडलें तें पाहा. भारताचे कर्णधार सुनील छेत्री यांनीं चायनीज तैपेईविरुद्ध तीन गोल केले, आणि पाहावयास होते अवघे २५६९ प्रेक्षक! दुसऱ्या दिवशीं छेत्री यांनीं लोकांना हात जोडून विनंति केली : मैदानावर या, आमच्यावर टीका करा, पण या. ४ जून रोजीं, त्यांच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यास, भर पावसांत तें मैदान भरून गेलें.

श्रोते हो, डिसोझा यांचे तीन गोल परक्या मुलखांत झाले. ते आपण पाहिले नाहींत यांत आपला दोष नाहीं. छेत्री यांचे तीन गोल मात्र बोरिवली वा घाटकोपरच्या माणसास सहज गांठतां येईल अशा ठिकाणीं झाले. पूर्वीं खेळाडूस कंपनी पोसत असे. करारावर जगणाऱ्या खेळाडूस अखेर प्रेक्षकच तारतो. हें ऋण फेडण्यास दाम थोडा आणि एक सायंकाळ, एवढेंच लागतें.