गावाला गेला की रुसणारा पीएसपी

आमच्या धंद्यात एक वाक्य फार बदनाम आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!" टेस्टरनं बग दाखवला की डेव्हलपर हेच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात मी ते चक्क माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला ऐकवलं.

तर झालं असं. दादाचा जुना पीएसपी-३००० माझ्याकडे आहे. त्यानं तो २०१० मध्ये घेतला, पुढच्या वर्षी त्यात कस्टम फर्मवेअर टाकलं आणि परदेशी जाताना माझ्या गळ्यात मारून गेला. हिंजवडीच्या फ्लॅटवर मी रोज रात्री अर्धा तास तरी खेळतो. बटण वर सरकवलं की चालू, कधी कुरकुर नाही. पण मुळशीला आत्याकडे नेला की सकाळी गेम्स गायब! सोनीचा लोगो येतो, मेन्यू येतो, मात्र मेमरी स्टिक उघडली की नुसतं 'करप्टेड डेटा'. हे तिसऱ्यांदा होत होतं.

"मामा, बिघडला."

"अरे, माझ्याकडे तर चालतो!"

(तसं पाहिलं तर हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते. तहसील पौडला. आयटी पार्कात हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. असो.)

दादाला व्हॉट्सअ‍ॅप केलं. त्याचं एका ओळीत उत्तर: "फर्मवेअर करप्ट झालं असेल, परत फ्लॅश कर." मीही लगेच कामाला लागणार होतो. रात्रीपासून लाईट नव्हती, बॅटरीच्या फक्त दोन कांड्या दिसत होत्या, आणि फ्लॅश करताना मध्येच बॅटरी गेली तर हातात वीट उरते. पीएसपीचा अपडेट प्रोग्राम चार्जर आणि पुरेशी बॅटरी असल्याशिवाय पुढे जात नाही, तो याच कारणानं. तेवढ्यानं मी थांबलो. लाईट येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विचार करत बसलो. आणि हा पीएसपी असा का वागतो हे समजायला त्याचा इतिहासच आठवावा लागला.

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ ला आला. त्याच्या १.०० फर्मवेअरमध्ये एक मोठी ढिलाई होती. सोनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्रामही त्यावर चालायचा. २००५ च्या मे महिन्यात हौशी लोकांनी त्यावर पहिला 'हॅलो वर्ल्ड' चालवला. मग सुरू झाला चोर-पोलिसांचा खेळ. सोनी अपडेट काढणार, लोक नवी फट शोधणार. २.०० च्या वेळची फट तर एका टिफ फोटोत होती. फोटो दाखवताना मेमरी ओव्हरफ्लो व्हायची आणि त्यातून आपला कोड आत शिरायचा. २००६ मध्ये डार्क एलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रामरनं पुढची पायरी गाठली. फट शोधून तात्पुरतं आत शिरण्याऐवजी फर्मवेअरच बदलून टाकायचं.

पण खरी गंमत २००७ च्या ऑगस्टमधली. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते, तिच्यात बॅटरीचा सिरीयल नंबर. हा नंबर हेक्समध्ये सगळेच्या सगळे 'एफ' असला की पीएसपी समजतो, आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आलोय! मग तो आतली फ्लॅश मेमरी सोडून थेट मेमरी स्टिकवरून बूट होतो. दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेला हा मागचा दरवाजा. टीम सी प्लस डी नं तो शोधला, बूटचा कोड तपासणाऱ्या भागाला किती वेळ लागतो ते मोजून मोजून ती तपासणीही भेदली, आणि 'पँडोराची बॅटरी' जन्माला आली. लोक बॅटरी फोडून त्या चिपचा पाचवा पाय उचलायचे, झालं काम. वीट झालेला पीएसपीसुद्धा त्यानं जिवंत व्हायचा. एवढ्या भारी सिक्युरिटीला बॅटरीनं फसवावं, हे मला अजूनही भन्नाट वाटतं.

सोनीनं अर्थातच धडा घेतला. २००८ मध्ये ३००० मॉडेल आलं, त्यात हा दरवाजा बंद. २००० च्या शेवटच्या बोर्डांपासूनच तो बंद व्हायला लागला होता. पुढे बरीच वर्षं ३००० ची वीट झाली की झालीच. (आता काही हिकमती लोकांनी बॅटरीची नक्कल करून त्यावरही मार्ग काढलाय, पण तो सरंजाम आत्याच्या माजघरात कुठून असणार!)

मग दादानं २०११ मध्ये कस्टम फर्मवेअर टाकलं कसं? २०१० च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या गटानं दाखवलं, की पीएस३ च्या सह्या करताना जो आकडा दरवेळी रँडम हवा, तो सोनीनं एकच ठेवलाय. त्यावरून गुप्त किल्ली काढता येते. पीएस३ असा उघडा पडल्यावर त्याच्या पोटात पीएसपीच्या प्रोग्रामवर सही करायच्या किल्ल्याही सापडल्या. पण ही सही मेन्यूतून चालणाऱ्या प्रोग्रामची, बूटच्या पहिल्या पायरीची नव्हे. म्हणून ३००० मधला त्या काळचा कस्टम फर्मवेअर फक्त रॅममध्ये जगायचा. पूर्ण बंद केलं की खेळ खलास, पुढच्या वेळी सोनीचंच फर्मवेअर येणार. मग मेन्यूतून 'फास्ट रिकव्हरी' चालवायची की गाडी परत रुळावर. (कायमचा बसणारा उपाय ३००० साठी नंतर आला. दादानं तो कधी टाकलाच नाही.)

इथे माझी ट्यूब पेटली. बटण नुसतं सरकवलं तर पीएसपी बंद होत नाही, झोपतो, आणि रॅम शाबूत राहते. फ्लॅटवर तो रात्रभर चार्जरला असतो, म्हणजे मी कित्येक महिने त्याला खरा बंद केलाच नव्हता! आत्याकडे मात्र पाऊस जोरात आला की लाईट जाते. (१९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचं पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज बनवतंय. आत्याच्या घरातून ते पाणी दिसतं. मेणबत्तीच्या उजेडात जरा जास्तच दिसतं.) लाईट गेली की सगळा भार बॅटरीवर, आणि ती झोपेपुरताही करंट रात्रभर देत नसेल तर रॅम कोरी. फर्मवेअरला काहीच झालं नव्हतं.

अकराला लाईट आली. चार्जर लावला, फास्ट रिकव्हरी चालवली, सगळे गेम्स हजर. भाचा नाचायला लागला, पण मला सिद्ध करायचं होतं. पीएसपी झोपवला, चार्जर काढला, चहा घेतला. वीस मिनिटांनी बटण सरकवलं तर परत 'करप्टेड डेटा'. मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली, टेबलावर ठेवून बोटानं फिरवली तर भोवऱ्यासारखी गरगरली. पोट सुटलेलं! गेले काही महिने झाकण नीट बसत नव्हतं, ते मी जुनं झालंय म्हणून सोडून दिलं होतं. याच बॅटरीच्या भरवशावर मी फ्लॅश करायला निघालो होतो.

फुगलेली बॅटरी पत्र्याच्या डब्यात घालून पडवीत ठेवली, पुण्यात ई-कचऱ्यात द्यायची म्हणून. नवीन मागवली, चांगली मिळाली तर नशीब, कारण पीएसपीच २०१४ मध्ये बंद झाला. तोवर बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवरही तो चालतो, म्हणून भाच्याला भिंतीच्या प्लगशेजारी सतरंजी टाकून दिली.

आत्यानं जेवायला हाक मारली आणि लाईट गेली.

"मामा, परत गेला!"

"गेला नाही रे. ये, जेवून घे आधी."