ऑझचा पत्रव्यवहार

१९१० साली एका अमेरिकन लेखकाने आपल्याच कथामालेला कायमचे कुलूप लावण्याचा प्रयत्न केला. लायमन फ्रँक बॉम हे त्याचे नाव, आणि 'द एमरल्ड सिटी ऑफ ऑझ' हे मालेतले सहावे पुस्तक. त्याच्या शेवटी ग्लिंडा नावाची भली चेटकीण सबंध ऑझ देश बाहेरच्या जगाला अदृश्य करून टाकते. मग डॉरोथी नावाची मुलगी करकोच्याच्या पांढऱ्या पिसावर चार ओळी लिहून लेखकाला कळवते, की यापुढे आमची काही खबरबात तुम्हाला मिळणार नाही. लेखकाने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी योजलेली युक्ती म्हणून ती चांगलीच होती. पण वाचकांनी ती चालू दिली नाही, आणि ते वाचक होते आठ-दहा वर्षांचे.

आपल्याकडे 'विझर्ड ऑफ ऑझ' म्हटले की १९३९ सालचा चित्रपट आठवतो. वादळात उडालेले घर, पिवळ्या विटांचा रस्ता, बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह. त्यामागे चौदा पुस्तकांची माला आहे, आणि ती जगली ती मुख्यतः टपालावर, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. लेखकाने वाचकांना काय दिले, हे वाङ्मयाचा इतिहास सांगतोच. ऑझच्या बाबतीत वाचकांनी लेखकाला काय दिले आणि त्याच्याकडून काय वसूल केले, हेही सांगावे लागते.

बॉमचा जन्म १८५६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या चिटेनँगो गावचा. पुस्तक लिहिण्यापूर्वी या गृहस्थाने कोंबड्या पाळल्या, नाटके केली, वंगण विकले, डाकोटा प्रदेशातल्या ॲबरडीन गावी दुकान काढून बुडवले, तिथेच वर्तमानपत्र चालवले आणि शेवटी काचसामान विकत गावोगाव हिंडला. घरी आला की मुलांना गोष्टी सांगत असे. त्या लिहून काढ, असा आग्रह त्याच्या सासूबाईंनी धरला. या सासूबाई, मटिल्डा जॉस्लिन गेज, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मोठ्या कार्यकर्त्या. जावयाला त्यांचे ऐकावेसे वाटले, हे बरेच झाले!

'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' १९०० साली शिकागोत निघाले. प्रस्तावनेत बॉमने म्हटले होते, की जुन्या परीकथांतली भीषणता आणि उपदेश वगळून केवळ आनंदासाठी ही नवी अद्भुतकथा लिहिली आहे. पुस्तक खपले, त्याचे संगीत नाटक झाले आणि तेही गाजले. बॉमच्या मनात पुढचा भाग नव्हता. १९०४ साली दुसरे पुस्तक निघाले, तेव्हा तो का निघाला हे त्याने प्रस्तावनेतच सांगितले आहे. डॉरोथी नावाचीच एक लहान मुलगी त्याला भेटायला आली होती. बुजगावण्याची आणि लाकूडतोड्याची आणखी गोष्ट सांगा, म्हणाली. एक हजार मुलींनी एक हजार पत्रे लिहिली तर लिहीन, असे त्याने तिला हसत सांगितले. पुढे हजार पत्रे आली. ही हकीकत अक्षरशः खरी की लेखकाने थोडी रंगवलेली, हे कोण सांगणार? पण तेव्हापासून मुलांच्या पत्रांचा उल्लेख हा ऑझच्या प्रस्तावनांचा नेमच होऊन बसला.

या प्रस्तावना ओळीने वाचाव्यात. एरवी लेखकाच्या प्रस्तावनेत काय असते? ऋणनिर्देश आणि विनय. इथे हिशेब आहे. १९०७ च्या पुस्तकात बॉम सांगतो, की हे पुस्तक मुलांच्या मागणीवरून लिहिले आहे. डॉरोथीला पुन्हा ऑझमध्ये न्या, तिची आणि ओझ्मा राणीची गाठ घालून द्या, अशा त्यांच्या सूचना होत्या. १९०८ साली तो जरा वैतागलेला दिसतो. मला दुसऱ्याही पुष्कळ गोष्टी येतात, पण मुले ऑझवाचून सोडत नाहीत, अशी त्याची तक्रार. १९०९ साली डॉरोथीचा कुत्रा टोटो परत आला आहे, कारण मुलांना तो हवा होता. आणि १९१० साली, ज्या पुस्तकाने मालेवर पडदा टाकायचा त्याच पुस्तकात तो म्हणतो, की मुखपृष्ठावर माझ्याबरोबर माझ्या पत्रलेखकांचेही नाव घालायला हवे.

त्याला माला का संपवायची होती? एक तर त्याला दुसरे लिहायचे होते. दुसरे म्हणजे पैसा. १९०८ साली त्याने ऑझचा एक फिरता खेळ काढला. पांढरा सूट घालून बॉम स्वतः रंगमंचावर उभा राही आणि मागे पडद्यावर रंगवलेली चलच्चित्रे, पारदर्शिका, सोबत वाद्यवृंद! लोकांनी कौतुक केले, पण खर्च भरून निघाला नाही. १९११ साली त्याला दिवाळे जाहीर करावे लागले. त्याच साली 'द सी फेअरीज' आणि पुढच्या वर्षी 'स्काय आयलंड' ही ट्रॉट नावाच्या दुसऱ्याच मुलीची पुस्तके त्याने काढली. वाईट नाहीत. 'स्काय आयलंड' तर माझ्या मते ऑझच्या दोन-तीन पुस्तकांहून सरस आहे. पण ती ऑझइतकी खपली नाहीत. मुलांची पत्रे येतच होती आणि त्यांत ऑझचेच विचारणे होते.

मग अदृश्य झालेल्या देशाची बातमी आणायची कशी? तोड काढली तीही एका बालवाचकानेच. बिनतारी तारायंत्राने डॉरोथीशी बोलता येणार नाही का, असे त्याने विचारले. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हापासून बिनतारी संदेश ही गोष्ट घरोघर बोलली जात होती, हे ध्यानात घेतले तर प्रश्न किती ताजा होता ते कळते. १९१३ च्या 'द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ'मध्ये बॉमने ही सूचना सरळ उचलली. लेखक बिनतारी यंत्र बसवतो, डॉरोथी ओझ्माची परवानगी काढते आणि बातम्या पुन्हा सुरू होतात. तिथपासून दरसाल एक पुस्तक. १९१५ साली तर वाचकांच्या आग्रहाने ट्रॉटलाही ऑझमध्ये यावे लागले. म्हणजे लेखकाने पळून जाण्यासाठी बांधलेले दुसरे घरही मुलांनी जुन्या वाड्याला जोडून टाकले.

यात गंमत आहे तशी थोडी खंतही आहे. आपल्याला हवे ते लिहिण्याचा हक्क बॉमला मिळाला नाही. काही पुस्तकांत जुन्या पात्रांची नुसती वरात निघते. वाढदिवसाला सगळे नातेवाईक जमावेत आणि कथानक दाराबाहेर उभे राहावे, तसे होते. पण कधी कधी एका बालवाचकाच्या बोलण्यातून सबंध पुस्तक उभे राही. ओझ्मा हरवली तर ऑझमध्ये सगळ्यांना किती वाईट वाटेल, एवढेच भेटायला आलेली एक मुलगी म्हणाली, आणि १९१७ चे 'द लॉस्ट प्रिन्सेस ऑफ ऑझ' त्यावर बेतले गेले.

बॉम मे १९१९ मध्ये हॉलिवूडला वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आलेल्या 'द मॅजिक ऑफ ऑझ'च्या प्रस्तावनेत तो म्हणतो, की दीर्घ आजारामुळे ज्यांनी तिकीट जोडले होते तेवढ्यांनाच उत्तरे देता आली, आता यापुढे सगळ्यांना वेळेवर उत्तर देईन. शेवटचे पुस्तक १९२० साली निघाले. प्रकाशकाने १९२१ पासून फिलाडेल्फियाच्या रूथ प्लमली थॉम्प्सन या लेखिकेकडे काम सोपवले आणि तिने एकोणीस पुस्तके लिहिली. जॅक स्नो नावाच्या बारा वर्षांच्या मुलानेही बॉमच्या मृत्यूनंतर, मी लिहितो, असे प्रकाशकाला कळवले होते. त्याला नकार मिळाला. पण मोठा झाल्यावर १९४६ आणि १९४९ साली त्याने खरोखरच मालेतली दोन पुस्तके लिहिली.

एवढे झाले मुलांच्या मताचे. मोठ्यांचे मत फार वेगळे होते. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑझला बालविभागात थारा दिला नाही. १९५७ साली डेट्रॉइटच्या ग्रंथालयाचे संचालक राल्फ उल्व्हेलिंग यांनी जाहीरपणे सांगितले, की या पुस्तकांत मनाला उन्नत करणारे काही नाही, उलट ती मुलांना भित्रेपणाकडे नेतात, आणि ग्रिम किंवा अँडरसन यांच्या कथांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. १९५९ साली फ्लॉरिडा राज्याच्या ग्रंथपाल डोरोथी डॉड यांनी जी पुस्तके विकत घेऊ नयेत आणि देणगी म्हणूनही स्वीकारू नयेत अशांची यादी काढली, तिच्यात ऑझ होते. ग्रंथपालबाईंचे नाव डोरोथी असावे, हा योगायोग बॉमने लिहिला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता! पुढे १९८३ साली टेनेसी राज्यात काही ख्रिस्ती पालक शालेय वाचनमालेविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांच्या आक्षेपांत ऑझमधला उताराही होता, कारण चेटकीण भली असूच शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. खालच्या न्यायालयात ते जिंकले, १९८७ साली वरच्या न्यायालयात हरले.

ग्रंथपालांना हसणे सोपे आहे. मालिका-पुस्तके पैशासाठी पाडली जातात आणि मुले त्यांखेरीज काही वाचत नाहीत, ही त्यांची काळजी अगदीच पोकळ नव्हती. आपल्याकडे, सीमाभागात तर, मुलाच्या हाती पुस्तक देताना आपणही ग्रंथपालच होतो. शाळा कन्नड किंवा इंग्रजी, तेव्हा घरात येणारे मराठी पुस्तक भाषा टिकवणारे हवे, संस्कार करणारे हवे. त्यात गोष्ट मागे पडते. कित्येक घरांत मराठी 'चांदोबा' आणि कन्नड 'चंदामामा' दोन्ही येत, आणि विक्रमाने वेताळाला दिलेले उत्तर बरोबर की चूक यावर भावंडांची भांडणे दोन्ही भाषांत होत. मुलांना गोष्टीविषयी मत असते, ते असे. आपण ते लिहून घेतले नाही, एवढेच.

ऑझच्या बाजूनेही मोठी माणसे बोलली. एडवर्ड वॅगनक्नेख्ट या समीक्षकाने १९२९ सालीच या पुस्तकांवर गंभीरपणे लिहिले. विनोदी लेखक जेम्स थर्बर याने १९३४ साली एक मार्मिक मुद्दा काढला. बॉमने भीषणता वगळल्याचे प्रस्तावनेत म्हटले खरे, पण सुदैवाने तो शब्द त्याने पाळला नाही, असा त्याचा रोख. पहिल्याच पुस्तकात लाकूडतोड्या कुऱ्हाडीने चाळीस लांडग्यांची मुंडकी उडवतो, ते आठवावे. १९५७ साली, म्हणजे उल्व्हेलिंग बोलले त्याच वर्षी, मार्टिन गार्डनर आणि रसेल नाय यांचे बॉमवरचे पुस्तक मिशिगन राज्य विद्यापीठाने छापले. आणि त्याच वर्षी जस्टिन शिलर नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने सोळा सभासदांनिशी ऑझप्रेमींचे आंतरराष्ट्रीय मंडळ काढले.

बॉमविषयीचे सर्वांत जड मत मात्र ऑझच्या पानांत सापडत नाही. १८९० च्या डिसेंबरात आणि १८९१ च्या जानेवारीत, वूंडेड नी येथील हत्याकांडाच्या आगेमागे, त्याने ॲबरडीनच्या आपल्या वर्तमानपत्रात मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा असे अग्रलेख लिहिले. भित्र्या सिंहाला धीर देणाऱ्या लेखकाने हे लिहिले, याला काही सफाई नाही. त्याच्या सासूबाई तर त्याच लोकांच्या हक्कांची बाजू मांडत होत्या. २००६ साली बॉमच्या वंशजांनी सू लोकांची त्याबद्दल माफी मागितली. आज ऑझ वाचणाऱ्या प्रौढ माणसाला हे अग्रलेख बाजूला ठेवता येत नाहीत, ठेवूही नयेत.

उल्व्हेलिंग यांना या पुस्तकांत उन्नत करणारे काही दिसले नाही. त्यावरून वाचकांच्या एका प्रश्नाची हकीकत सांगायची राहिली. पहिल्या पुस्तकात लाकूडतोड्या हाडामांसाचा माणूस असतो आणि एका मंचकिन मुलीशी त्याचे लग्न ठरलेले असते. चेटकिणीने भारलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडते, लोहार पत्र्याचा बसवतो, आणि हृदयच गेल्यामुळे त्याचे प्रेमही जाते. शेवटी जादूगाराकडून त्याला हृदय मिळते. तो राजा होतो. पुस्तक संपते. मुलीचे काय झाले? मुलांनी हे पुन्हा पुन्हा विचारले. टीकाकारांना सुचला नाही तो प्रश्न त्यांना पडला होता: दिलेल्या शब्दाचे काय?

बॉमने उत्तर दिले ते अठरा वर्षांनी, १९१८ साली, 'द टिन वुडमन ऑफ ऑझ'मध्ये. मला मिळालेले हृदय दयाळू आहे, प्रेमळ नव्हे, असे लाकूडतोड्या सांगतो. तरी कर्तव्य म्हणून तो तिला शोधायला निघतो. वाटेत तिच्यावरच प्रेम करणारा आणि त्याच कुऱ्हाडीचा बळी झालेला पत्र्याचा एक शिपाईही भेटतो. दोघे मिळून तिच्या दारी पोचतात, तर निमी एमीचे लग्न कधीच झालेले असते. नवरा कोण? या दोघांचे गळालेले हातपाय जोडून लोहाराने घडवलेला माणूस. तो तिला पाणी भरून देतो, कोबी खुरपतो, घर झाडतो. त्याला इतके वळण लावले आहे, आता पुन्हा नव्याने कुणाला शिकवू, असा तिचा विचार. ती दोघांनाही जायला सांगते आणि ते निमूटपणे परत फिरतात.