कीमनचे पाय, डोंगराची नाडी

दौंड-मनमाड हा मार्ग 1878 सालचा. माळावरच्या अशा मार्गांची राखण पिढ्यान्‌पिढ्या कीमनने, म्हणजे रूळ तपासत जाणाऱ्या रेल्वे कामगाराने, पायी केली. खांद्यावर हातोडा नि पाना, पिशवीत डिटोनेटर. सैल क्लिप दिसली की ठोकायची. रुळाला तडा गेलेला दिसला तर 600 मीटरवर लाल कापड आडवं बांधायचं आणि 1200 मीटरवर, दहा-दहा मीटर सोडून, तीन डिटोनेटर रुळाला लावायचे. ते चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक दाबतो.

कोकणात मात्र नुसता रूळ धड असून भागत नाही.

रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग 1998 साली पूर्णपणे खुला झाला. डोंगर कापून काढलेल्या खिंडींतून तो जातो, आणि पावसात त्या कापलेल्या कडा सुटतात. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळेच घसरली.

तेव्हापासून पहारा रुळावरून डोंगराकडे सरकला. कड्यांना जाळ्या बसल्या, धोक्याच्या कटिंगमध्ये जमिनीची सरक टिपणारे इन्क्लिनोमीटर आले. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक पाऊस नोंदवतात. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी चढलं की इशारा मिळतो. रत्नागिरीजवळच्या 64 मीटर उंच पानवल पुलावर वारा मोजला जातो.

यातलं एकेक यंत्र अर्धंच बोलतं. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, पण नदी कुठवर आली ते पुलावरच कळतं. आणि कड्यावरचा धोंडा हलला का, ते दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून बेलापूर, रत्नागिरी आणि मडगावचे नियंत्रण कक्ष पावसाळ्यात चोवीस तास जागे राहतात. मुसळधार पावसात पुढचं धूसर झालं तर ड्रायव्हरने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहे.

गस्तवाला अजूनही आहेच. रात्री बॅटरीच्या उजेडात तो कटिंग न्याहाळत जातो. काही खटकलं तर जवळच्या सॉकेटमध्ये फोनची पिन खुपसतो आणि स्टेशन मास्तरला गाठतो. असे सॉकेट साधारण दर किलोमीटरला आहेत.