४५ मिनिटांचा मुक्काम

लांबच्या प्रवासात आगगाडी एखाद्या मोठ्या स्टेशनावर पाऊण तास थांबली, म्हणजे उतारूंचे सहजच दोन वर्ग पडतात. काही जण वळकटीला टेकून आपली जागा राखीत बसतात. तर काहींना फलाटापलीकडचे शहर खुणावू लागते. १८९६ सालच्या जुलै महिन्यात अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, स्टेशनावर उतरलेला २६ वर्षांचा एक बॅरिस्टर या दुसऱ्या वर्गातील होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

५ जून रोजी डर्बन बंदर सोडून ‘पोंगोला’ या आगबोटीने गांधीजी ४ जुलैला कलकत्त्यास पोहोचले होते. कलकत्त्याहून अलाहाबाद व जबलपूर या मार्गाने मुंबई गाठावयाची आणि तेथून राजकोटास जावयाचे, असा त्यांचा बेत होता. कुटुंबास आफ्रिकेत नेणे हे एक काम होते. दुसरे काम याहून अवघड होते. नाताळ वसाहतीत मुदतीचा करार संपवून राहू इच्छिणाऱ्या हिंदी मजुरांवर १८९५ साली दरवर्षी ३ पौंडांचा कर लादण्यात आला होता. ही व अशीच इतर गाऱ्हाणी स्वदेशातील लोकांच्या कानी घालावयाची होती.

अलाहाबादेस गाडी ४५ मिनिटे थांबणार होती. तेवढ्या अवधीत शहरातून एक फेरफटका करावा व थोडे औषधही घ्यावे, असे त्यांनी योजिले. परंतु औषधाच्या दुकानातील गृहस्थ अर्धवट झोपेत होता. त्याने औषध तयार करून देण्यास इतका विलंब लाविला, की गांधीजी स्टेशनावर परतले तेव्हा गाडी नुकतीच हलली होती. स्टेशनमास्तराने त्यांच्यासाठी गाडी एक मिनिट रोखून धरिली होती. आणि ते येताना न दिसल्यामुळे त्यांचे सामान काळजीपूर्वक उतरवून घेतले होते.

येथे एका गोष्टीची आठवण होते. तीनच वर्षांपूर्वी, १८९३ च्या जून महिन्यात, पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असतानाही याच प्रवाशास पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनावर गाडीबाहेर ढकलण्यात आले होते. सामान दोन्ही वेळा खाली उतरले. पण उतरविणाऱ्या हातांत केवढे अंतर!

गाडी चुकलेला मनुष्य बहुधा दुकानदारास दोष देत दिवस घालवितो. गांधीजींनी केल्नर कंपनीच्या जागेत एक खोली घेतली आणि काम तेथूनच आरंभिण्याचे ठरविले. ‘पायोनियर’ हे इंग्रजांचे वजनदार वर्तमानपत्र त्या काळी अलाहाबादेहून निघत असे. ते हिंदी लोकांच्या आकांक्षांना प्रतिकूल, अशी त्याची ख्याती होती. तरीही गांधीजींनी संपादक चेस्नी यांस चिठ्ठी लिहून, गाडी चुकल्याचे कळविले व भेट मागितली. भेट तत्काळ मिळाली. आपण जे लिहाल त्याची दखल घेऊ, मात्र वसाहतवाल्यांची बाजूही पाहावी लागेल, असे चेस्नी यांनी सांगितले. गांधीजींस एवढे पुरेसे होते. उरलेला दिवस त्यांनी त्रिवेणीसंगम पाहण्यात व पुढील कार्याचा विचार करण्यात घालविला.

राजकोटास सुमारे एक महिना खपून त्यांनी पुस्तिका लिहिली. हिरव्या वेष्टनामुळे ती ‘हिरवी पुस्तिका’ म्हणून ओळखली गेली. तिच्या १०,००० प्रती निघाल्या. अग्रलेखात तिचा परामर्श प्रथम घेतला तो ‘पायोनियर’नेच. त्या लेखाचा सारांश रॉयटरने विलायतेस तारेने धाडिला. आणि त्या सारांशाचा सारांश लंडनहून नाताळास गेला. छापल्यावर तो तीन ओळींहून अधिक नव्हता. वास्तविक गांधीजींनी पूर्वी नाताळातच जे छापिले होते, त्याहून पुस्तिकेची भाषा सौम्य होती. पण तीन ओळींत सौम्यपणा मावला नाही.

सर्व पक्षांचे साहाय्य मिळवावे, या ज्या धोरणाने ते चेस्नींकडे गेले, तेच धोरण पुण्यास लोकमान्य टिळकांनी उचलून धरिले. सभेस कोणत्याही पक्षाचा नसलेला अध्यक्ष असावा, असे सांगून त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे नाव सुचविले. आणि भांडारकरांनीही ते मान्य केले.

इकडे सभा होत असता तिकडे नाताळात त्या तीन ओळींनी आग पेटली होती. १८ डिसेंबर १८९६ रोजी ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ या दोन बोटी सुमारे ८०० उतारू घेऊन डर्बनला आल्या. मुंबईतील प्लेगाच्या निमित्ताने त्यांस समुद्रातच अडकवून ठेवण्यात आले. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी किनाऱ्यावर उतरले, तेव्हा जमावाने त्यांजवर दगड व सडकी अंडी फेकिली, लाथाबुक्क्यांनी तुडविले. पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणूनच प्राण वाचले. पुढे हल्लेखोरांवर खटले भरण्याची सिद्धता सरकारने दाखविली, तेव्हा गांधीजींनी नकार दिला. तारेतील बातमीने लोकांची दिशाभूल झाली आहे, खरे कळल्यावर ते आपण होऊन पस्तावतील, असे त्यांचे म्हणणे होते.

डर्बनच्या मारहाणीचे मूळ अलाहाबादच्या त्या भेटीत होते, असे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत नमूद केले आहे. दुकानदाराने औषध वेळेवर दिले असते तर काय घडले असते, हे सांगणे इतिहासाच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु त्या भेटीबद्दल पश्चात्तापाचा शब्द मात्र त्यांनी तेथे लिहिलेला नाही.