पोथी मागणारा श्रोता

महाडहून भोरकडे निघालेला रस्ता वरंध गावाच्या पुढे सह्याद्रीला भिडतो आणि घाट चढू लागतो. माथ्यावर कावळ्या किल्ला, खाली शिवथरचे खोरे. पावसाळा सरत असताना आमच्या धर्मग्रामातील तीसेक युवक-युवतींना घेऊन आम्ही या बाजूला गेलो होतो. खरे सांगायचे तर हेतू सहलीचाच होता. सकाळच्या मिस्साला मागच्या बाकांवर चुळबुळत बसणारी ही मुले डोंगरात तरी मोकळी होतील, एवढीच अपेक्षा.

शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा मानते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली या घळीचे स्थान प्रकाशात आणले. बाहेर धबधब्याचा आवाज, आत गुरुशिष्यांच्या मूर्ती, आणि त्या दिवशी एका बाजूला चार-पाच वयस्कर माणसे ओव्या म्हणत बसलेली. त्यांच्या हातात पोथी होती, पण नजर क्वचितच तिच्याकडे जात होती. आमच्यातली एक मुलगी बराच वेळ ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "काका, आपल्याकडे अशी पोथी का नाही?" आमच्यापैकी कोणीतरी लगेच उत्तरले, "बायबल आहे की!" त्यावर ती म्हणाली, "बायबल आपण वाचतो. ही माणसं म्हणतायत."

परतताना तळीयेच्या वाटेवर थांबलो. २२ जुलै २०२१ रोजी येथे दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. मुलांपैकीच कोणी सुचवले, मृतांसाठी प्रार्थना करू या. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' झाले, 'नमो मरिया' झाले, आणि पुढे शांतता पसरली. दोघांनी मोबाईल काढून प्रार्थना शोधायला सुरुवात केली. तिथे रेंज नव्हती. त्या मुलांचे मन भरून आले होते, हे आम्ही पाहत होतो. मनात होते ते ओठांवर आणायला शब्द नव्हते. आणि हे शब्द त्यांना द्यायचे काम आमचे होते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे चारशे वर्षे जुने आहे, आणि ते आम्हांला घळीतच द्यायला हवे होते. आपल्याकडे पोथी आहे. तीही ओवीतच आहे, आणि ती जन्माला आली ती अशाच एका प्रश्नातून.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील येशूसंघीय. ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तो काळ सोपा नव्हता. देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती, १५८३ साली कुंकळ्ळीला रक्त सांडले होते. ही बाजू आपण आपल्या इतिहासात झाकून ठेवू नये, कारण ख्रिस्तपुराणाचा आरंभ नेमका तिथूनच होतो. धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, असा प्रसंग ग्रंथाच्या प्रारंभीच येतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी, आमचे मन रमेल असे काही तुम्ही का देत नाही?

प्रश्न बोचरा आहे. विचारणाऱ्याला श्रद्धा नको होती असे नव्हे. श्रद्धेला जे अन्न लागते ते त्याला मिळत नव्हते. प्रश्नोत्तरे पाठ करून ते मिळणार नव्हते. त्या काळी अशा प्रश्नकर्त्याला गप्प बसवणे सहज शक्य होते. स्टीफन्स यांनी त्याला ग्रंथात पहिला मान दिला, आणि उत्तर म्हणून सुमारे ११ हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. भाषा मराठी, पण शुद्ध मराठी सर्वांना कळणार नाही म्हणून साष्टीतल्या बोलीचे शब्द आपण ठिकठिकाणी मिसळले आहेत, असे ते स्वतःच सांगतात. देशी लिपीत छपाई करता यावी म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला पत्रही लिहिले होते. तो योग आला नाही. ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. रामदासांचा जन्म १६०८ चा. म्हणजे आपली ही ओवी छापून निघाली तेव्हा दासबोधाचा कर्ता आठ वर्षांचा मुलगा होता! श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. दासबोधाचा आरंभही श्रोत्यांच्या प्रश्नानेच होतो. ऐकणाऱ्याने विचारावे आणि सांगणाऱ्याने त्याच्याच छंदात उत्तर द्यावे, ही या भूमीची रीत एका परदेशी धर्मगुरूने ओळखली होती.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज धरावी. भाषा काही मेली नाही, पण ग्रंथांचा आधार तुटला. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ उरला. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी हाताने नकला करून तो जपला, पुन्हा पुन्हा वाचला, आणि अशाच नकलांवरून जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली तो देवनागरीत आणला, आणि फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ साली आजच्या मराठी गद्यासह. संस्थांनी टाकलेली गोष्ट घरांनी सांभाळली, हे पालकांनी जरूर ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि वेदीची भाषा मराठी होण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या पिढीने लॅटिन जाताना पाहिले आणि मराठी येताना पाहिली. आम्हांला वाटले, काम संपले. परिषदेला अपेक्षा होती भाविकांच्या जाणत्या सहभागाची. आम्ही मुलांना उभे केव्हा राहायचे, गुडघे केव्हा टेकायचे एवढे शिकवले. अर्पणाच्या वेळी द्राक्षारसात पाण्याचा थेंब का घालतात, असे आमच्या मुलाने एकदा विचारले होते. "मिस्सा चालू असताना बोलू नये," हे आमचे उत्तर. मिस्सा संपल्यावरही आम्ही ते दिले नाही. पुढे त्याने विचारणे सोडले आणि नंतर येणेही कमी केले. दोन्हींचा संबंध आम्हांला फार उशिरा कळला.

गिटार आणि पडद्यावरची गीते आणली की तरुण येतील, असे आता म्हणतात. त्याला आमचा विरोध नाही. पण गीत पडद्यावरून गेले की ओठांवरूनही जाते, असा आमचा अनुभव आहे. पडदा तळीयेला नेता येत नाही.

वरंधहून आल्यावर आम्ही त्या मुलीला ख्रिस्तपुराण आणून दिले. दर रविवारी मिस्सानंतर वीस मिनिटे वाचन ठेवले आहे. वाचणारे तरुणच, आणि मध्येच थांबवून विचारण्याची सर्वांना मुभा. पहिल्या रविवारी चौदा जण होते, दुसऱ्या रविवारी सहा. जुने शब्द अडतात, कंटाळाही येतो. चालीवर मात्र अडून बसलो होतो. ओवी म्हणायची कशी, हे आम्हां थोरांपैकी कोणालाच नीट येत नव्हते. एका मुलाने मग आपल्या आजीला हात धरून आणले. आजींना अक्षरओळख नाही. नातवाने एक ओवी दोनदा वाचून दाखवली. आजींनी डोळे मिटले, जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ वळली, आणि तीच ओवी त्यांनी दळणाच्या चालीवर म्हटली. मुले हसली, मग मागोमाग म्हणू लागली. आता वाचन काना गावच्या लग्नापर्यंत आले आहे. पुढच्या रविवारी आजी पुन्हा येणार आहेत.