सावरगावचा माल आणि व्यापाराचे महिनेवार आकडे

देवस्थानच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा ज्याच्या नावावर रक्कम जमा असते त्याचीच दखल घेतली जाते. नाव न सांगता पेटीत टाकणाऱ्याचे पुण्य देवापाशी असेल, वहीत ते नसते. व्यापाराच्या सरकारी वह्यांचीही रीत अशीच आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठी मुलखाचा व्यापारी इतिहास चाळताना हे पदोपदी जाणवते, म्हणून त्याविषयी चार शब्द महाजनबंधूंपुढे ठेवीत आहे.

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव वर्षातून एकदा वृत्तपत्रांत येते. एरवी येथे काय पिकते व ते कोठे जाते, याची विचारपूस कोणी करीत नाही.

रेल्वेपूर्वी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, आणि बंजाऱ्यांचेच तांडे समुद्रकाठचे मीठ वर आणीत. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, हिंदी कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. तेव्हा मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात या पठारावरील कापसाची जी जात नावाजली, तिचे नाव होते हिंगणघाट. शेत कोणाचेही असो, गठ्ठ्यावर नाव पेठेचे.

मध्य प्रांताच्या सरकारचे रेल्वेमार्गे होणाऱ्या व्यापाराचे अहवाल निघत. त्यांत प्रांताच्या सीमेबाहेर गेली ती निर्यात आणि आत आली ती आयात, असा हिशेब असे. सावरगावची गाडी नागपुरास गेली, तरी ती प्रांताबाहेर गेलेली नसे. म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने ती कोठेच गेलेली नसे! मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तोच रस्ता, तेच बैल, तोच अडत्या. परंतु माल परराज्यात जाऊ लागला आणि वाटेत नाका आला. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर विक्रीकराचे नाके उठले. दरम्यानच्या साठ वर्षांत नाक्यावर किती तास खोळंबले, ते कोणत्याही कोष्टकात सापडावयाचे नाही.

एका बाबतीत मात्र या मुलखाचे नाव जगाने उचलले. येथील मँगनीजयुक्त खडकांच्या मालिकेस भूवैज्ञानिकांनी ‘सौंसर’ असेच नाव दिले. हिंदुस्थानच्या मँगनीजविषयीचा फर्मरचा बृहद्ग्रंथ १९०९ चा. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्य प्रांताचे मँगनीज युरोपच्या पोलाद कारखान्यांकडे जात होते. दगडाला मिळाला तो मान फळाला मिळाला नाही.

ते फळ म्हणजे संत्रे. नागपूरकर भोसल्यांनी ते या प्रदेशात आणविले असे सांगतात. राज्यसीमा कोठेही पडली तरी माती व हवा एकच असल्याने, सावरगावच्या बागेतील संत्रेही बाजारात नागपुरी म्हणूनच ओळखले जाते.

संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडास ताण देतात, मग पाणी सोडले की फुले येतात, आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येते. अर्थात बागाईतदाराला पुढील दिवाळीचा निर्णय संक्रांतीलाच घ्यावा लागतो. अशा पिकाच्या मुलखात ऑक्टोबरचा आकडा सप्टेंबरशी ताडून ‘निर्यात वाढली’ म्हणणे व्यर्थ होय. यंदाचा ऑक्टोबर गतवर्षीच्या ऑक्टोबरशीच ताडला पाहिजे, हे कोणताही जुना कारकून सांगेल.

पुष्कळदा फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. इसार घेतला की तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी. परदेशी जाणाऱ्या नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. ट्रक बंगालमधील पेट्रापोलच्या नाक्यावरून पलीकडे बेनापोलला जातात. त्या देशाने संत्र्यावरील आयात कर २०१९ मधील किलोमागे २० टक्यांवरून चढवीत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेला. कर वाढविण्यास एक आदेश पुरतो. झाडास दिलेला ताण मात्र मागे घेता येत नाही. परदेशी न गेलेले फळ देशातल्या पेठांतच ओतले जाते आणि तेथील भावही पाडते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये या कराच्या निम्म्याइतके साहाय्य देण्याचे जाहीर केले. ती घोषणा साहजिकच महाराष्ट्रापुरती होती. वरूडची बाग आणि सावरगावची बाग यांना एकाच कराचा फटका बसला. साहाय्याची रेघ मात्र १९५६ च्या सीमेवर थांबली.

देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे ज्या कोलकात्याच्या कार्यालयात संकलित होतात, त्याची परंपरा १८६२ पर्यंत जाते. दरमहा त्यांचे प्रकाशन होते. फेब्रुवारी २०२० पासून निर्यातीच्या जकातपत्रात माल कोणत्या राज्यात व जिल्ह्यात उत्पन्न झाला, हेही लिहावे लागते. नियम उत्तम आहे. परंतु तो रकाना निर्यातदाराच्या बाजूने भरला जातो, आणि त्याच्या पेटीत सीमेच्या दोन्ही बाजूंचे फळ एकत्र आलेले असू शकते. बागाईतदार सौद्याच्या दिवशीच बाजूला झालेला असतो. त्याने निदान सौद्याच्या चिठ्ठीवर गाव व जिल्हा लिहून घ्यावा आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवावी, असे माझे मत आहे.

पूर्वी त्या रकान्यात लिहावयाचे तर छिंदवाडा लिहावे लागे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर तहसील त्यातच आहे. आंबियाच्या तोडणीचा हंगामही ऑक्टोबरातच सुरू होतो.