नाताळची पंगत आणि राज्याची वाटणी

सणासुदीस घरचीं माणसें एकत्र जमलीं म्हणजे जुनीं भांडणें नव्यानें उकरून निघतात, हा अनुभव सर्व देशांतील संसारी माणसांस आहे. पाश्चात्त्य रंगभूमीनें नाताळच्या निमित्तानें या अनुभवावर हंसवितां हंसवितां अंतर्मुख करणारीं नाटकें रचिलीं. त्यांपैकीं एकाकडे आम्ही इतिहासाच्या दृष्टीनें पाहणार आहोंत.

जेम्स गोल्डमन या अमेरिकन नाटककाराचें 'द लायन इन विंटर' हें नाटक १९६६ सालीं न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलें. १९६८ सालीं त्याचा चित्रपट झाला व राणीच्या भूमिकेबद्दल कॅथरीन हेपबर्न हिला ऑस्कर पारितोषिक मिळालें. स्थळ फ्रान्समधील शिनोंचा किल्ला. काळ ११८३ चा नाताळ. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री यानें आपली पत्नी एलिनोर हिला सणापुरतें कैदेंतून आणविलें आहे. रिचर्ड, जेफ्री व जॉन हे तिघे पुत्र हजर आहेत. आणि गादी कोणास, या एका प्रश्नावर सर्वांचे डावपेंच रंगले आहेत.

इतिहासांत हा मेळावा झालाच नाहीं. परंतु कल्पनेखालचा पाया भक्कम आहे. हेन्रीनें ११७० सालीं थोरल्या पुत्रास, आपल्या हयातींतच, राज्याभिषेक करविला. मुकुट दिला, पण मुलूख दिला नाहीं. ११७३ सालीं मुलांनीं बंड केलें. राणीनें त्यांची बाजू घेतली, व त्यापायीं तिला सुमारें पंधरा वर्षें बंदिवास घडला. ११८२ च्या नाताळांत राजानें नॉर्मंडींत मुलांसह थाटाचा दरबार भरविला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, धाकट्यांनीं थोरल्याचें वर्चस्व मान्य करावें या मागणीवरून भावांत युद्ध पेटलें. त्याच धामधुमींत, जून ११८३ मध्यें, थोरला वारला.

आमच्या मतें या कलहाचें मूळ दुष्टपणांत नव्हतें. जेथें राज्य हीच घरची मिळकत, तेथें बाप व धनी, पुत्र व वारस हे निराळे राहत नाहींत. आणि हातचें कांहींच सुटूं न देणारा बाप मुलांना एकमेकांचे शत्रु करून ठेवतो. नाटकांतील हास्य खरें वाटतें तें यामुळेंच. तेथें मायेचा प्रत्येक शब्द बोलणाऱ्यालाहि संशयास्पद वाटतो.

सण संपतो, राणी पुन्हां कैदेकडे निघते, आणि कोणाचाहि जीव न घेतां पडदा पडतो. इतिहासानें एवढी दया दाखविली नाहीं. ११८९ सालीं रिचर्डनें फ्रान्सच्या राजाशीं हातमिळवणी करून बापाचा पराभव केला. फितुरांच्या यादींत लाडक्या जॉनचें नांव आढळलें, असें तत्कालीन बखरकार लिहितात. त्यानंतर लवकरच, ६ जुलै रोजीं, आजारी हेन्रीनें देह ठेविला. आणि तोहि शिनों येथेंच. ज्या किल्ल्यांत नाटककारानें त्या कुटुंबास एकत्र जेवावयास बसविलें, तेथें राजाच्या अंतकाळीं त्या तिघांपैकीं एकहि पुत्र उशाशीं नव्हता.